सादळलेले धनुष्य

आषाढातली झड लागली आहे. चार दिवस सूर्याचे तोंड दिसलेले नाही. अशा दिवसांत गावात काही कार्य निघाले आणि हलगीवाल्याला बोलावणे गेले, तर तो आल्याबरोबर हलगी वाजवीत नाही. आधी तो आडोसा पाहतो. तिथे थोडे पाचट आणि चार काटक्या पेटवतो. त्या जाळावर हलगी धरून शेकतो. मग बोटाने टिचकी मारून पाहतो. आवाज बद्द आला, तर पुन्हा शेकतो. खणखणीत आवाज निघाला, की मगच हलगी गळ्यात अडकवतो.

असे का बरे करावे लागते? हलगी काही पावसात भिजलेली नसते. ती घरात खुंटीला टांगलेली असते. पण हवा ओली असते. ओल्या हवेतली ओल कातड्यात शिरते. कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. आपण म्हणतो, हलगी सादळली.

पापड सादळतो. आगपेटी सादळते. मिठाला पाणी सुटते. हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. पण पापड सादळला तर फार तर जेवणाची चव जाईल. एखाद्या सैन्याचे हत्यारच सादळले तर? असे घडलेले आहे. एका मोठ्या सेनापतीने आपल्या राजाला सांगितले होते, “पावसाळ्यात लढाईला जाऊ नये, आपली धनुष्ये सैल पडतील.” ती गोष्ट पुढे येणारच आहे. पण ती समजण्यासाठी ते धनुष्य कशाचे होते, हे आधी पाहिले पाहिजे.

शिंगाचे धनुष्य

आपल्या देशाच्या ईशान्येला, चीनच्याही पलीकडे, कोरिया नावाचा देश आहे. आज त्याची उत्तर आणि दक्षिण अशी दोन राज्ये आहेत. डोंगराळ मुलूख, भाताची शेती, हिवाळ्यात कडक थंडी आणि उन्हाळ्याच्या मध्याला पावसाळा. तिथला पावसाळा साधारण जूनअखेर सुरू होतो. म्हणजे आपला पाऊस रुळतो, त्या सुमारास तिथला पाऊस लागतो.

ह्या देशात तिरंदाजी फार जुनी आहे. तिथल्या जुन्या धनुष्याचे नाव गाकगुंग. ‘गाक’ म्हणजे शिंग आणि ‘गुंग’ म्हणजे धनुष्य. शिंगाचे धनुष्य, असा त्याचा सरळ अर्थ.

आता कोणी म्हणेल, शिंग कसे वाकेल? आणि लाकडाचे धनुष्य होत असताना शिंग हवे कशाला?

एक ओली फांदी घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. नीट बघा. फांदीची बाहेरची बाजू ताणली जाते. आतली बाजू दाबली जाते. आणखी वाकवली, तर बाहेरच्या बाजूला साल तडकते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. अजून जोर केला, तर फांदी मोडते.

धनुष्याचेही असेच असते. तिरंदाजाकडची बाजू म्हणजे धनुष्याचे पोट. समोरची बाजू म्हणजे पाठ. दोरी ओढली की पोट दाबले जाते आणि पाठ ताणली जाते. नुसत्या लाकडाचे धनुष्य फार वाकवायचे, तर ते लांब ठेवावे लागते. आखूड लाकूड तितके वाकवले तर मोडेल. पण घोड्यावर बसून लांब धनुष्य चालवणे अवघड. तेव्हा आखूडही हवे आणि जोरदारही हवे, असा पेच होता.

जुन्या कारागिरांनी हा पेच सोडवला. जी बाजू दाबली जाते, तिथे दाब सोसणारी वस्तू लावली. ती म्हणजे शिंग. जी बाजू ताणली जाते, तिथे ताण सोसणारी वस्तू लावली. ती म्हणजे जनावराची कंडरा. मधे लाकूड किंवा बांबू ठेवला. आणि हे सगळे सरसाने एकत्र चिकटवले. अशी जोडधनुष्ये कोरियात होत, तशी चीन, मंगोलिया, इराण आणि तुर्कस्थानातही होत. आपल्या देशातही होत. ते पुढे सांगतो.

चार जिनसा

कोरियाच्या धनुष्यात चार मुख्य जिनसा असतात. एकेक घेऊ.

पहिली जिन्नस शिंग. हे म्हशीचे किंवा रेड्याचे असते. गाईबैलांची शिंगे बहुधा आखूड. लांब आणि सलग पट्टी निघायची, तर म्हशीचे शिंग बरे. कोरियात मात्र म्हशी होत नाहीत. म्हणून तिथे हे शिंग पूर्वीपासून परदेशातून आणावे लागे. शिंग तापवले की मऊ होते. मग ते दाबून सरळ करतात आणि तासून पट्टी काढतात. आपली नखे ज्या द्रव्याची असतात, त्याच द्रव्याचे शिंग असते. कपडे धुताना हात बराच वेळ पाण्यात राहिले, तर नखे मऊ पडतात. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी जिन्नस कंडरा. आपल्या टाचेच्या वर, मागच्या बाजूला बोट लावून पाहा. ताठ दोरीसारखे काहीतरी लागेल. तीच कंडरा. ती मांसाला हाडाशी बांधून ठेवते. बैलाची कंडरा वाळवतात, कुटतात आणि विंचरतात. मग तिचे धागे मोकळे होतात. अंबाडीचा वाख काढतो ना, तसे दिसते. हे धागे सरसात भिजवून धनुष्याच्या पाठीवर बसवतात. एक थर वाळला, की दुसरा थर.

कातड्याची ओली वादी बांधली, तर वाळताना ती कशी आवळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कंडराही तशीच. वाळताना ती आवळते आणि धनुष्याला पाठीकडे ओढते. म्हणून दोरी उतरवलेले कोरियाचे धनुष्य उलट्या बाजूला वळलेले दिसते. इतके, की त्याची दोन्ही टोके जवळजवळ एकमेकांना लागतात. दोरी चढवायची, तर ते सगळे उलटे फिरवावे लागते. तिथेच त्याचा जोर साठतो.

तिसरी जिन्नस लाकूड. मधला गाभा बांबूचा असतो. टोकांना तुतीचे लाकूड लावतात. हातात धरायच्या जागी ओकचे टणक लाकूड असते.

चौथी जिन्नस सरस. सुताराकडचा सरस तुम्हाला ठाऊक आहे. तो जनावराचे कातडे आणि हाडे उकळून करतात. कोरियातले कारागीर माशाचा सरस वापरतात. काही माशांच्या पोटात हवेचा फुगा असतो. तो वाळवून ठेवतात, मग पाण्यात भिजवतात आणि मंद आचेवर विरघळवतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर घोळ मासा मिळतो. कोरियातला तो मासा ह्याच कुळातला. घोळीच्या फुग्यालाही बाजारात मोठी किंमत येते.

हा सरस चिवट असतो. वाळल्यावर शिंग आणि बांबू ह्यांना तो असा धरून ठेवतो, की हजारो वेळा धनुष्य ओढले तरी थर सुटत नाहीत. पण त्याचे एक वर्म आहे. जो सरस पाण्यात विरघळवून केला, तो पाण्यानेच पुन्हा मऊ होतो.

शेवटी धनुष्याला वरून भूर्जाची साल गुंडाळतात. भूर्ज म्हणजे ज्याच्या सालीवर, भूर्जपत्रावर, आपल्याकडे जुन्या पोथ्या लिहीत, त्या जातीचे झाड. त्याची साल पाण्याला सहसा आत येऊ देत नाही. सालीचे हे पांघरूण धनुष्याला शोभेसाठी नसते. ते ओलीसाठी असते.

ओल शिरते कशी?

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लाकूड, शिंग, कंडरा आणि सरस ह्या सगळ्या एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तू. झाड तोडले, जनावर गेले, तरी त्यांची पाणी पिण्याची सवय जात नाही. हवा ओली असली की त्या हवेतले पाणी घेतात. हवा कोरडी झाली की ते पाणी सोडतात. हे घेणे-सोडणे कायम चालू असते. डोळ्यांना ते दिसत नाही. पण पावसाळ्यात दार फुगते आणि चौकटीत अडकते. दिवाळीनंतर तेच दार सहज लागते. म्हणजे दार पाणी प्याले होते आणि आता त्याने ते सोडले, असेच नाही का?

प्रत्यक्ष पाऊस अंगावर पडायलाच हवा असे नाही. एखादी सर येऊन गेली, तर भूर्जाची साल धनुष्याला वाचवते. पाणी पुसले की झाले. पण आठ-पंधरा दिवस हवाच ओली राहिली, तर ओल हळूहळू आत उतरते. साल तिला उशीर लावते. कायमची अडवू शकत नाही.

ओल आत गेली, की काय होते?

नखासारखे शिंग थोडे मऊ होते. त्याची उसळी कमी होते.

कंडरा सैल पडते. हलगीच्या कातड्याची जी गत, तीच हिची.

सरस मऊ होऊ लागतो. थर एकमेकांवरून किंचित सरकू लागतात. कडेला कुठे फट असेल, तर तिथून थर सुटायला सुरुवात होते.

शिवाय पाणी प्यालेले धनुष्य जड होते. दोरी सोडली, की धनुष्याच्या दोन्ही भुजांनी झटकन पुढे गेले पाहिजे. जड भुजा हळू जातात. मग बाणाला वेग मिळत नाही.

कोरियातल्या तिरंदाजीत निशाण १४५ मीटरवर, म्हणजे सुमारे पावणेपाचशे फुटांवर असते. कोरड्या दिवशी जो बाण निशाणावर जातो, तोच बाण ओल्या दिवशी अलीकडे जमिनीत रुततो. तिरंदाज तोच, हात तोच, डोळा तोच. फरक फक्त हवेचा.

सगळ्यात वाईट म्हणजे एक भुजा जास्त सादळली आणि दुसरी कमी, तर धनुष्य तिरपे ओढते. दोरी चढवताना ते हातातून पिळवटून उलटे फिरते. कधी कधी त्यातच मोडते. काही महिन्यांची मेहनत एका क्षणात जाते.

मग कोणी म्हणेल, ठेवावे की चुलीपाशी वाळत! तेही चालत नाही. बैलगाडीचे लाकडी चाक उन्हाळ्यात आटते. आरे खडखडू लागतात आणि धाव ढिली होते. मग आपण चाक पाण्यात टाकतो. धनुष्यही फार आटले, तर कडक होते. शिंग तडकते. कंडरा चिवट राहत नाही. ओढताना मोडते. तेव्हा फार ओल नको, फार कोरडेही नको. दोन्हींच्या मधे धनुष्याचा जीव असतो.

यालू नदीच्या काठी

आता ती सेनापतीची गोष्ट.

इ. स. १३८८ साल. कोरियात तेव्हा गोर्यो नावाचे राज्य होते. शेजारी चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता येऊन वीस वर्षे झाली होती. सरहद्दीच्या मुलखावरून दोघांत तंटा पेटला. मिंग दरबार म्हणाला, हा मुलूख आमचा. गोर्योच्या राजाला राग आला. त्याने ठरवले, यालू नदी ओलांडून पलीकडच्या ल्याओतुंग प्रांतावर चढाई करायची.

ह्या मोहिमेवर ज्यांना जायचे होते, त्यांत यी सोंग-गे नावाचा सेनापती होता. तो स्वतः नावाजलेला तिरंदाज होता. त्याने राजापुढे चार हरकती मांडल्या.

पहिली हरकत : लहान राज्याने मोठ्या राज्यावर चाल करू नये.

दुसरी : उन्हाळ्यात फौज उभी करू नये. हे शेतीच्या कामाचे दिवस.

तिसरी : सगळी फौज उत्तरेला गेली, तर समुद्राकडून जपानी चाचे मोकळा देश लुटतील.

चौथी : हे गरमीचे आणि पावसाचे दिवस आहेत. धनुष्यांचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल.

चौथी हरकत पुन्हा वाचा. राज्याचा कारभार चालतो त्या दरबारात, चीनसारख्या बलाढ्य राज्याशी युद्ध करावे की नाही हे ठरत असताना, एक सेनापती सरसाविषयी बोलत होता! दरबारात कोणी मनात हसलेही असेल. पण ज्याने पावसाळ्यात धनुष्य हाती धरले आहे, तो हसणार नाही. कोरियाच्या सैन्याची मुख्य मदार धनुष्यावर होती. तलवार सादळत नाही, भाला सादळत नाही. पण धनुष्य सादळले, तर सैन्याचा हातच लुळा पडला म्हणायचा.

राजाने ऐकले नाही. हुकूम कायम राहिला. सुमारे ३८,००० सैनिक निघाले. त्यांच्यासोबत हजारो नोकरचाकर होते. सैन्य यालू नदीत असलेल्या वीह्वा नावाच्या बेटावर पोचले. आणि पाऊस लागला. नदी फुगली. पुढे जावे, तर पाणी ओसरत नाही. थांबावे, तर ओल हटत नाही. माणसे बुडाली. कित्येक सैनिक रात्रीतून पळून गेले.

सेनापतींनी राजाला पुन्हा विनंती केली, “माघारी येऊ द्या.” राजाने पुन्हा नाही म्हटले, पुढे जाण्याचा हुकूम केला.

तेव्हा यी सोंग-गेने सैन्याचे तोंड फिरवले. तो नदी ओलांडून चीनकडे गेला नाही, राजधानीकडे आला. राजाच्या बाजूच्या लोकांशी लढाई झाली. राजाला गादीवरून उतरवले गेले. चार वर्षांनी, १३९२ साली, यी सोंग-गे स्वतः राजा झाला. त्याने जोसन घराण्याचे राज्य सुरू केले. त्या घराण्याची सत्ता पाचशे वर्षांहून जास्त काळ, १९१० पर्यंत टिकली.

आता सगळे सरसामुळेच घडले, असे मी म्हणणार नाही. हरकती चार होत्या. सेनापतीच्या मनात गादीची इच्छाही असेल. मोठ्या घटनेला एकच कारण क्वचित असते. पण चौथी हरकत खरी होती, एवढे निश्चित. राजाचा हुकूम सगळ्या राज्यात चालत होता. हवेतल्या ओलीवर तो चालत नव्हता. आणि ज्यांनी हा हुकूम काढला, त्यांची नव्हे, तर नदीकाठी चिखलात उभ्या असलेल्या हजारो साध्या माणसांची त्यात आहुती पडणार होती. त्यांतले बहुतेक शेतकरीच होते. त्यांची शेते मागे तशीच पडली होती.

धनुष्याची निगा

मग प्रश्न येतो, धनुष्य इतके नाजूक, तर शेकडो वर्षे लोकांनी ते वापरले कसे?

ते त्याची निगा राखीत. निगा म्हणजे काय, ते पाहा.

पहिली गोष्ट, धनुष्य केव्हा करायचे ते ठरलेले असते. चिकटवण्याचे काम थंड आणि कोरड्या दिवसांत, म्हणजे शरद ऋतूपासून पुढे वसंतापर्यंत चालते. ओल्या दिवसांत सरस नीट वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात ते काम करीत नाहीत. शिंग, बांबू, कंडरा ह्यांची तयारी आणि जुळणी करण्यात महिने जातात. घाई चालत नाही.

दुसरी गोष्ट, धनुष्य ठेवायचे कुठे. कोरियात घराची जमीन खालून उबदार ठेवण्याची जुनी रीत आहे. चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळीतून नेतात आणि त्याच्या उबेने खोली गरम राहते. धनुष्य अशा उबदार खोलीत ठेवीत. पुढे त्यासाठी खास पेट्या आल्या. त्या पेटीत मंद ऊब असते. आच नव्हे, ऊब. पावसाळ्यात धनुष्य पेटीत जास्त दिवस राहते. कोरड्या हिवाळ्यात कमी.

तिसरी गोष्ट, दोरी चढवण्याआधीची. तिरंदाज धनुष्य निखाऱ्यांवर दुरून धरतो. फिरवतो. हाताने दाबून पाहतो. एक भुजा जास्त ताठ लागली, तर तिला थोडी ऊब देऊन मऊ करतो. हाताने आणि पायाने दाबून आकार सारखा करतो. मग दोरी चढवतो, आणि पुन्हा तपासतो. आपला हलगीवाला टिचकी मारून जे ऐकतो, तेच हा हाताने चाचपून ओळखतो. पोथीत वाचून हे येत नाही. जुन्या तिरंदाजाजवळ बसून शिकावे लागते.

चौथी गोष्ट, काम झाले की दोरी उतरवायची. दिवसरात्र ताणलेले धनुष्य थकते. ओल्या हवेत तर फारच लवकर.

दक्षिण कोरियाच्या सरकारने १९७१ साली धनुष्यबाण करण्याच्या ह्या कलेला राष्ट्राचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान दिला. आज तिथे काचतंतूची नवी धनुष्येही मिळतात. त्यांना पावसाची भीती नाही, किंमतही कमी. शिकाऊ माणूस बहुधा तेच घेतो. पण शिंगाचे धनुष्य करणारे कारागीर आहेत आणि ते वापरणारे तिरंदाजही आहेत.

आपल्याकडे काय होते?

आपल्या देशात शिंगाचे धनुष्य नवीन नाही. विष्णूच्या धनुष्याचे नाव काय? शार्ङ्ग. ‘शृंग’ म्हणजे शिंग. शिंगाचे ते शार्ङ्ग. ते धारण करणारा शार्ङ्गधर. आपल्या तोंडी त्याचे सारंगधर झाले. हे नाव तुम्ही अनेकदा ऐकले असेल, पण त्यात शिंग दडलेले आहे, हे कदाचित ध्यानात आले नसेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही धनुष्ये कशाकशाची करतात, ते सांगितले आहे. त्यात ताड, बांबू आणि लाकूड ह्यांच्याबरोबर शार्ङ्गाचेही नाव येते.

पुढे मोगलांच्या काळात घोडेस्वार शिंगाची जोडधनुष्ये वापरीत. पण आपल्या देशात चार महिने पाऊस. म्हणून इथल्या लोहारांनी एक वेगळी वाट काढली. त्यांनी तशाच आकाराची पोलादी धनुष्ये घडवली. पोलादाला सरस नको. ते सादळत नाही. शस्त्रागारात वर्षानुवर्षे टांगून ठेवले, तरी तेलाचा हात फिरवला की तयार. अशी पोलादी धनुष्ये संग्रहालयांत आजही बघायला मिळतात. मात्र शिंगाच्या धनुष्याची चपळाई पोलादात नसते. पोलादाच्या भुजा जड, म्हणून बाण हळू जातो. म्हणजे एक मिळवायचे तर दुसरे थोडे सोडावे लागते.

आणखी एक वाट सातपुड्यातल्या भिल्लांची. त्यांचा तीरकामठा बांबूचा. दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. त्यात सरस नाही, कंडरा नाही, शिंग नाही. म्हणून सुटण्यासारखे काही नाही. रानात पाऊस लागला, तरी कामठा खांद्यावर. मोडला, तर बांबूचे बेट जवळच असते. कोणी अजाण माणूस त्याला गावठी म्हणेल. पण त्या मुलखाला आणि त्या पावसाला तेच हत्यार शोभते. शिंगाचे धनुष्य थोर आणि बांबूचे हलके, असे नाही. कोरड्या पठारावरच्या घोडेस्वाराला एक बरे आणि ओल्या रानातल्या शिकाऱ्याला दुसरे.

आपल्या घरात

आपल्यापैकी कोणाला आज धनुष्य घेऊन लढाईवर जायचे नाही. पण लाकूड, कातडे, सरस आणि दोर आपल्या घरोघर आहेत. ह्या गोष्टीतून त्यांच्यासाठी दोन-तीन खुणा घेण्यासारख्या आहेत.

कुऱ्हाडीला किंवा कुदळीला नवा दांडा बसवायचा, तर लाकूड पुरते वाळलेले घ्या. ओला दांडा आज घट्ट बसतो. उन्हाळ्यात तो आटतो आणि घाव घालताना पाते निसटते. दांडा ढिला झाला, की काही जण कुऱ्हाड पाण्यात टाकून ठेवतात. लाकूड फुगते आणि पाते घट्ट वाटते. पण ते वाळले, की आधीपेक्षा जास्त ढिले होते. पाचर ठोकणे हाच खरा उपाय.

भिजलेली चामडी वस्तू, मग ती चप्पल असो की वादी, चुलीच्या जाळापाशी वाळवू नका. ती आक्रसते, कडक होते आणि पुढे तडकते. सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. जरा ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवा.

सरसाने जोडलेली पेटी, पाट किंवा चौरंग पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल्या भिंतीतून सांध्याला ओल लागते आणि सांधा सुटतो. चार बोटे मोकळी जागा ठेवा. वारा खेळता राहिला पाहिजे.

आणि बाजेचा दोर पाहा. कातडे ओले झाले की सैल पडते. पण अंबाडीचा पीळदार दोर ओला झाला, की उलट आवळतो. त्याचे धागे फुगतात, पीळ भरतो आणि दोर आखूड होतो. ओल एकच, पण प्रत्येक वस्तूची तऱ्हा वेगळी. म्हणून भरतीची बाज पावसात अंगणात राहिली, तर लाकडाचा सांधा कुरकुरतो.

ह्यांतले बरेचसे तुम्हाला आधीच ठाऊक असेल. आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होते. त्यांना लिहिता येत नसेल, पण लाकूड आणि कातडे त्यांना वाचता येत होते. यी सोंग-गेने दरबारात जे सांगितले, तेही असेच हाताने शिकलेले ज्ञान होते. ते कोणा पंडिताचे नव्हते. सरस ढवळणाऱ्या कारागिराचे आणि धनुष्य शेकणाऱ्या तिरंदाजाचे होते. राजाने ते ऐकले असते, तर ती सगळी माणसे पावसाळ्यात नदीकाठी चिखलात उभी राहिली नसती.

येत्या आषाढात हलगीवाला पाचट पेटवून बसला, तर उशीर झाला म्हणून त्याच्यावर ओरडू नका. जरा त्याच्याजवळ बसा. तो टिचकी कशी मारतो, कान कसा देतो, ते पाहा. त्याची हलगी अजून थोडी सादळलेली आहे, आणि ते त्याला कळते आहे.